क्लब कुणाच्या नावावर?

ज्याचे आयुष्य सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात गेले, त्याला कोणतीही संस्था दिसली की तिचा ताळेबंद पाहावासा वाटतो. इंग्लंडमधले व्यावसायिक फुटबॉल क्लब कायद्याने कंपन्या आहेत, त्यांना दरवर्षी आपले हिशेब सरकारदरबारी दाखल करावे लागतात आणि ते हिशेब जगाच्या पाठीवर कोठेही बसून कोणालाही वाचता येतात, हे कळल्यापासून लातूरमध्ये बसून ते वाचण्याचा मला नाद लागला. फुटबॉल मी त्याआधीपासून पाहत होतो. परंतु मैदानाकडे मालकाच्या खुर्चीतून पाहण्याची सवय मला या कागदांनी लावली.

त्या खुर्चीतून दिसणारे चित्र सुखाचे नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, क्लबच्या एकूण उत्पन्नापेक्षा पगाराचा खर्चच जास्त असल्याची उदाहरणे वर्षामागून वर्षे सापडतात. आमच्याकडे एखाद्या संस्थेने शंभर रुपयांच्या उत्पन्नावर एकशे दहा रुपये नुसते पगारावर खर्च केले, तर लेखापरीक्षणात तिला ‘ड’ वर्ग मिळतो आणि उपनिबंधक कार्यालयातून पत्रांवर पत्रे सुरू होतात. तिकडे ही तूट मालक भरून काढतो. आपल्या दुसऱ्या व्यवसायातला पैसा तो क्लबला बिनव्याजी कर्ज म्हणून देतो, काही वर्षांनी ते कर्ज भागभांडवलात वर्ग होते आणि ते परत मिळण्याची उरलीसुरली आशाही तेथे संपते. तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा अधिक तोटा होता कामा नये, अशी मर्यादा त्या श्रेणीत अनेक वर्षे राहिली आहे. म्हणजे गाठीला पैसा असून आणि तो ओतण्याची तयारी असूनही एका टप्प्यानंतर मालकाचे हात बांधलेलेच असतात. इतके करून त्याच्या वर्षभराच्या धडपडीचे फळ आठवड्याच्या शेवटी अकरा तरुणांच्या पायांवर आणि रेफरीच्या शिट्टीवर ठरते. धंद्यात मुरलेला, व्यवहार कळणारा माणूस या वाटेला का जातो आणि गेल्यावर त्याचे जगणे कसे होते, हा प्रश्न मला फार दिवस धरून आहे.

आमच्या भागात ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावच्या क्लबचे नाव पोहोचले ते कोंबड्यांमुळे. मराठवाड्यात कोरडवाहू शेतीला जोड म्हणून पुष्कळांनी पोल्ट्री धरली आहे. माझ्या मावसभावाची औसा रस्त्याला शेड आहे. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि राबणूक शेतकऱ्याची, असा तो करार असतो. भाताच्या तुसावर सोडलेली एका दिवसाची पिल्ले ब्रूडरच्या उबेला गोळा होतात, चाळिसेक दिवसांत दोन किलोंच्या घरात जातात, आणि मे महिन्यात ऊन तापले की भर दुपारी शेडच्या बाजूंना लावलेली पोती ओली ठेवत माणूस उभा असतो, कारण एका दुपारच्या मरतुकीत अख्ख्या बॅचची कमाई जाऊ शकते. या माणसांना व्यंकटेश्वर हॅचरीज हे नाव घरच्यासारखे आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेत सुरू केलेल्या या उद्योगाने पुढे आपला मुक्काम पुण्याला हलवला. भारतातल्या कुक्कुटपालनाला आधुनिक रूप देणाऱ्यांमध्ये राव यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. उत्पादकांनीच अंड्याचा भाव जाहीर करण्याची पद्धत ज्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने रुजवली, ती १९८२ साली उभी राहण्यामागेही त्यांचाच पुढाकार होता. याच घराण्याच्या पुढच्या पिढीने, म्हणजे अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू व्यंकटेश व बालाजी राव यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये २ कोटी ३० लाख पौंड मोजून ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. बातमी आली त्या दिवशी मावसभावाचा मला फोन आला होता. “दादा, कोंबड्याच्या धंद्यावर इंग्लंडातली टीम घेता येती का?” असे त्याने विचारले, आणि त्याच्या आवाजात आश्चर्यापेक्षा अभिमान अधिक होता.

विकत घेतलेली वस्तू मात्र साधी नव्हती. १८७५ साली स्थापन झालेला आणि १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक असलेला तो क्लब होता, आणि त्याच्या खुर्चीवर जॅक वॉकर बसून गेले होते. वॉकर त्याच गावचे. वडिलांच्या छोट्या पत्रेकामाच्या धंद्यातून त्यांनी आणि त्यांच्या भावाने पोलादाचा मोठा व्यवसाय उभा केला, १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला आणि लहानपणापासून ज्या संघावर जीव लावला होता, तो १९९१ मध्ये हाती घेतला. तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत होता. वॉकर यांनी केनी डाल्ग्लिश यांना व्यवस्थापक म्हणून आणले, ॲलन शिअरर या आघाडीच्या खेळाडूला आणले, ईवूड पार्क हे क्लबचे मैदान जवळजवळ नव्याने बांधले. १४ मे १९९५ रोजी ब्लॅकबर्न आपला शेवटचा सामना लिव्हरपूलकडून हरला, पण त्याच वेळी तिकडे वेस्ट हॅमने विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत रोखले आणि ८१ वर्षांनंतर इंग्लंडचे विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. वॉकर २००० साली गेले. जाण्यापूर्वी त्यांनी विश्वस्तांची व्यवस्था लावून ठेवली होती, तिच्या आधाराने क्लब पुढे दहा वर्षे चालला. आज मैदानावर त्यांचा पुतळा आहे आणि एका बाजूच्या प्रेक्षागाराला त्यांचे नाव आहे. नव्या मालकाला रोज या पुतळ्याशी तुलना सोसावी लागणार, हे व्यवहाराच्या कागदात लिहिलेले नसते.

नव्या मालकांनी ताबा घेतल्यावर महिनाभरातच सॅम ॲलरडाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढून टाकले. पुढच्या सगळ्या दुःखाचे मूळ मला तेथे दिसते. परक्या गावात नव्याने आलेल्या माणसाने पहिले वर्ष ऐकून घेण्यात घालवावे, तेथे जे बरे चालले आहे त्याला हात लावू नये. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे पहिल्या श्रेणीतून, खाली गेला. त्यानंतरच्या एकाच हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकल ॲपलटन ६७ दिवस व्यवस्थापक राहिले. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर तशी वेळ येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. वर्षभरात तो परत दुसऱ्या श्रेणीत चढला, एवढेच समाधान.

७ मे २०१२ रोजी विगनकडून हरून ब्लॅकबर्नची घसरण पक्की झाली. त्या सामन्यात प्रेक्षकांतल्या कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. त्या प्रेक्षकांचा राग मला पूर्ण समजतो. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गोष्ट डोळ्यांदेखत ढासळत असताना माणसाने शांत राहावे, अशी अपेक्षा करता येत नाही. तरीही त्या कृतीने मला दुखावले. मालकाच्या निर्णयांवर बोलायचे सोडून त्याच्या धंद्याला हिणवले की त्या धंद्यावर पोट असणारी, ईवूड पार्कचे नावही न ऐकलेली हजारो माणसे अकारण त्या हिणवण्यात ओढली जातात. मावसभावाला मी तो व्हिडिओ दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, “पक्षी लय भेदरलाय दादा. पंख दाबून छातीशी धरायला पाहिजे होतं कुणीतरी.”

प्रेक्षकांच्या बाजूची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. गेल्या पंधरा वर्षांत या कुटुंबाने क्लबमध्ये कोट्यवधी पौंड ओतले, भारतातून पैसा पाठवण्यासाठी न्यायालयाची परवानगी घेण्याची वेळ आली तेव्हाही क्लब उघड्यावर पडू दिला नाही, आणि असे असूनही त्यांच्याविषयी त्या गावात माया उपजली नाही. याचे कारण मला हिशेबांत सापडत नाही, ते हजेरीपटात सापडते. मालक मैदानावर फार क्वचित दिसले. पुण्याहून रक्कम नियमाने जाते. परंतु पावसात भिजत, हरणाऱ्या संघामागे उभ्या असलेल्या माणसाच्या शेजारी मालकही भिजतो आहे, हे दृश्य त्या गावाला मिळाले नाही. ताळेबंदात हजेरीचा रकाना नसतो. असता, तर कित्येक मालकांचे मूल्यमापन बदलले असते.

सामन्याच्या दिवशी मालक प्रत्यक्षात काय करतो, याचा विचार केला म्हणजे या आयुष्याचे खरे स्वरूप कळते. तो काहीही करू शकत नाही. साखर कारखान्याचा अध्यक्ष गाळप कमी पडले तर रात्री उठून गव्हाणीवर जाऊन उभा राहू शकतो. फुटबॉलचा मालक नव्वद मिनिटे खुर्चीत बसून असतो. खेळाडू निवडण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा, डाव रचण्याचा त्याचाच, आणि मालकाने त्यात बोट घातले की ड्रेसिंग रूममधली शिस्त सैल होते. त्याच्या हाती उरणारे निर्णय मोजके आहेत: व्यवस्थापक कोणाला नेमायचे, त्याला किती दिवस द्यायचे, कोणत्या खेळाडूला विकायचे आणि कधी गप्प राहायचे. यांतला शेवटचा निर्णय सर्वांत अवघड असावा. दुसऱ्या सगळ्या धंद्यांत ज्याच्या शब्दाने चाके फिरतात, त्या माणसाला येथे आपलाच पैसा मैदानावर धावताना पाहत गप्प बसावे लागते. सामना हरला की हजारो लोक त्याचे नाव घेऊन ओरडतात. जिंकला की खेळाडूंचे नाव घेतात. त्यात गैर काही नाही, पण ते सोसायला विशेष घडणीचा माणूस लागतो.

असा एक माणूस होऊन गेला, आणि त्याची ओळख आम्हां लातूरकरांना विचित्र काळात झाली. २०१६ चा उन्हाळा आमच्या शहरातले कोणीही विसरणार नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. जलदूत म्हणून तिचे नाव देशभर झाले. टँकरची पाळी केव्हा येईल याचा नेम नसे, म्हणून गल्लीतली माणसे घागरी आणि ड्रम रांगेला लावून रात्री-अपरात्री जागी असत. त्या जागरणांत गल्लीतली कॉलेजची पोरे मोबाइलवर इंग्लंडमधले सामने पाहत. हंगामाच्या सुरुवातीला ज्यांच्या विजयावर सट्टेबाजांचा एकास पाच हजार असा भाव होता, ते लेस्टर सिटी विजेतेपदाच्या तोंडाशी आले होते. ३ मे उजाडायच्या आधी, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, चेल्सीने शर्यतीत मागे असलेल्या टॉटनहॅमला २-२ असे बरोबरीत रोखले आणि लेस्टर घरी बसल्या बसल्या विजेते झाले. पोरांनी इतका गलका केला की टँकर आला असे वाटून शेजारच्या आजी कळशी घेऊन बाहेर आल्या.

त्या लेस्टरचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा हे थायलंडचे, विमानतळांवरील करमुक्त दुकानांच्या धंद्यातले. त्यांनी लेस्टर घेतला तेही २०१० सालीच. दोन्ही क्लब एकाच वर्षी आशियातल्या कुटुंबांकडे गेले, दोन्ही कुटुंबांना त्या गावांचा पूर्वसंबंध नव्हता, आणि दोघांनीही पैसा दिला. फरक पडला तो असण्यात. विचाई सामन्यांना येत, थायलंडहून बौद्ध भिक्खूंना आणून मैदानाला आणि खेळाडूंना आशीर्वाद देववत, आपल्या वाढदिवसाला प्रेक्षकांना खाऊपिऊ घालत, तिथल्या बालरुग्णालयाला त्यांनी मोठी देणगी दिली. त्यांचे सगळेच निर्णय योग्य होते असे नाही. विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना त्यांच्याच कारकिर्दीत नऊ महिन्यांत काढले गेले आणि ते मला आजही खटकते. पण गावाने तेही पोटात घातले. २७ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध उभे राहिलेले त्यांचे हेलिकॉप्टर उडाले आणि स्टेडियमच्या बाहेरच कोसळले; आतील पाचही जण गेले. दुसऱ्या दिवसापासून स्टेडियमच्या भिंतीशी फुलांचा, स्कार्फांचा आणि जर्सींचा खच पडला. मुलाने धुरा घेतली, २०२१ मध्ये एफए कप ही इंग्लंडची जुनी बाद फेरीची स्पर्धाही जिंकली, पण २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगमधून खाली आला. वडिलांवरची माया मुलाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही.

वाईट मालकांच्या कथा मी येथे लांबवत नाही, कारण त्या एकमेकींसारख्या आहेत. कार्डिफ सिटीच्या मालकाने शंभर वर्षांची निळी जर्सी २०१२ मध्ये लाल केली आणि २०१५ मध्ये लोकांपुढे नमून परत निळी केली. हल सिटीच्या मालकाला क्लबचे नाव बदलायचे होते, ते इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने २०१४ मध्ये होऊ दिले नाही. सर्वांत जिव्हारी लागणारी कथा ‘बरी’ या गावाच्या क्लबची आहे: १८८५ सालचा, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि देणी भागवता येतात याचा पुरावा देता न आल्याने २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून काढून टाकला गेला. एका पौंडात मिळालेल्या कागदावर त्या गावाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांचे शनिवार होते. २०२५ मध्ये ब्रिटनने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला, त्यामागे बरीच्या लोकांचे अश्रू आहेत असे मी मानतो.

आपल्या महाराष्ट्राची कथा याहून वेगळी आहे आणि मला ती अधिक छळते. आपल्याकडे मालकांनी क्लब बिघडवले नाहीत, त्यांनी ते बंद केले. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड, १९६२ पासूनचा वारसा असलेला संघ, कंपनीने २०१० मध्ये विसर्जित केला. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली उभा राहिला, आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये उपविजेता झाला, त्याची अकादमी नावाजली गेली; काही वर्षांत मालक बाजूला झाले. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. इंडियन सुपर लीगबरोबर २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. त्या हैदराबादने २०२२ मध्ये लीगचा चषक जिंकला, पुढे तोही कर्जात रुतला आणि २०२५ मध्ये नव्या मालकांनी ती जागा दिल्लीला नेली. पुण्याहून हैदराबाद आणि हैदराबादहून दिल्ली, अशी एका संघाची जागा फिरत राहिली आणि प्रत्येक ठिकाणी गॅलरीत ढोल वाजवणारी पोरे मागे राहिली. त्यांना कोणी विचारले नाही, कारण कागदावर ती कोणीच नव्हती.

यातले हैदराबादचे पर्व मराठवाड्याच्या माणसाला जास्त लागते. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो, आणि त्या राज्याच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा जिंकली होती. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम यांनीच पुढे १९६२ मध्ये जकार्त्याला भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. त्या संघाला आजच्या अर्थाने मालक नव्हता; खेळाडू पोलिसांच्या नोकरीत होते, पगार सरकारचा आणि कीर्ती शहराची. राज्यपुनर्रचनेत आम्ही इकडे आलो आणि तो वारसा तिकडे राहिला. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर आजही फुटबॉल रंगतो, पण मराठवाड्याचा म्हणून एक व्यावसायिक संघ उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. आणि आता तर मालक होण्याची हिंमत करावी अशी परिस्थितीही देशात नाही. इंडियन सुपर लीग ज्याच्या आधारे चालत होती, तो २०१० साली झालेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, त्याच्या आधी जुलैतच नवा हंगाम लांबणीवर पडला, काही क्लबांनी कामकाज आणि पगार थांबवले, आणि नव्या हक्कांसाठी निविदा निघाली तेव्हा एकही बोली आली नाही.

मग मालकच नको, क्लब सभासदांचा असावा, असे म्हणावेसे वाटते, आणि माझ्यासारख्या सहकारात वाढलेल्या माणसाला तर ते लगेच पटते. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबची कंपनी झाली तरी पन्नास टक्क्यांहून एक मत जास्त सभासदांकडे राहिले पाहिजे; बायर्न म्युनिकमध्ये आदिदास, आउडी आणि अलियान्झ यांचा वाटा आहे, पण ७५ टक्के सभासदांच्या क्लबचेच आहेत. बार्सिलोना तर पूर्णपणे सभासदांचा. तरी त्याच बार्सिलोनाच्या डोक्यावर शंभर कोटी युरोंहून अधिक कर्ज झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीला सोडावे लागले. हे वाचताना मला आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा आठवतात: सभासद हजारो, शेअरची पावती प्रत्येकाच्या ट्रंकेत, आणि कर्जाचा ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर. अवसायनात निघालेल्या कारखान्यांचे कागद मी पाहिले आहेत. सभासदत्वाने शहाणपण येईलच असे नाही. पण एक फरक बार्सिलोनाने दाखवला: सभासदांनी वीस हजारांवर सह्या गोळा करून अविश्वासाची प्रक्रिया सुरू केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्ष बार्तोमेऊ यांना राजीनामा द्यावा लागला. पुण्याच्या गॅलरीतल्या पोरांकडे असा अर्ज देण्यासाठी दारच नव्हते. कोल्हापूरच्या पेठांमधले संघ, पाटाकडील तालीम असो की शिवाजी तरुण मंडळ, पिढ्यांमागून पिढ्या शाहू स्टेडियमवर टिकले आहेत, कारण ते पेठेचे आहेत आणि पेठ कोणी विकू शकत नाही. मला वाटते, भला मालकही हवा आणि त्याच्या माघारी उभे राहणारे सभासदही हवेत. वॉकर यांनी आपल्या माघारीची व्यवस्था विश्वस्तांवर सोपवली, सभासदांवर सोपवली असती तर २०१० ची विक्री गावाला विचारून झाली असती.

आमच्या भागातल्या मुलांच्या एका संघाचा सगळा भार एक हार्डवेअरचे दुकानदार वाहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. सकाळी दुकान उघडण्याआधी ते मैदानावर येतात, स्वतः फक्की मारून रेषा आखतात आणि मग मुलांना चेंडू देतात. हिशेबाची त्यांची एक लांब वही आहे. जर्सी, बूट, नांदेडच्या स्पर्धेचे एसटी भाडे, रेफरीचे मानधन, क्रेप बँडेज, केळी, गोलची जाळी शिवून घेतल्याची मजुरी, असे सगळे तिच्यात तारखेनिशी आहे. जमेच्या बाजूला मात्र पानामागून पान एकच नाव आहे, त्यांचे स्वतःचे. ती वही चाळताना मला बरीची आठवण झाली, कारण जमेला एकच नाव असलेली संस्था त्या एका नावाबरोबरच जाते. मामांचे वय झाले आहे, आणि मुलगा पुण्याला नोकरीत आहे.

म्हणून मी त्यांना संस्था नोंदवण्याचा आग्रह केला आणि घटनेचा मसुदा लिहायला घेतला. संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. येथे तर खेळून गेलेल्या मुलांची संख्याच त्याच्या कितीतरी पट आहे. संघाचे नाव, जर्सीचा निळा रंग आणि घरचे मैदान या तीन गोष्टी सभासदांच्या तीन-चतुर्थांश मतांशिवाय कोणालाही बदलता येणार नाहीत, हे कलम मी सर्वांत आधी घातले. त्यावर मामा काही बोलले नाहीत. त्यांची हरकत वर्गणीवर आली. मजुरी करणाऱ्या घरांतली पोरे आहेत, त्यांच्याकडून पैसे घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि काहीच न देणारा सभासद सभेला येत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव. दुकानात चहा घेत आम्ही यावर बराच वेळ बोललो. शेवटी ठरले ते असे, की वर्षाला पन्नास रुपये द्यावेत आणि ज्याला ते जमणार नाहीत त्याने वर्षातल्या चार रविवारी मैदानावर फक्की मारावी. दोघांच्याही मताचे वजन सारखेच राहील. पहिले अध्यक्ष मामांनीच व्हावे, असे मुले म्हणतात. मामा तयार झाले, पण अध्यक्ष दर तीन वर्षांनी बदललाच पाहिजे, असे कलम त्यांनी स्वतःहून माझ्याकडून लिहून घेतले, आणि सह्या गोळा करण्याचे काम आता मोठ्या गटातल्या मुलांनी अंगावर घेतले आहे.